तिसऱ्या पानावरची मोकळी जागा

१

सिस्टर राहत चोर आहेत ही बातमी मी मंगळवारी सकाळी चहाबरोबर वाचली आणि, खोटं कशाला सांगू, चहा संपायच्या आत तिच्यावर विश्वासही ठेवला. आमच्याच दैनिक 'खामकाठ'च्या पहिल्या पानावर चौकटीत होती. त्याच अंकात तिसऱ्या पानावर माझं 'आडवा शेरा' हे सदर होतं, आणि छापून आलेल्या कशावरही विश्वास ठेवू नये असं मी त्यात बजावलं होतं. पण स्वतःचं लिखाण गंभीरपणे घ्यायची सवय मला कधीच नव्हती.

बातमी अशी होती. हर्सूलच्या 'सदाव्रत' धर्मार्थ दवाखान्यात मुख्य परिचारिकेचं खाजगी कपाट काल सायंकाळी उघडलं. निळ्या साडीच्या घडीत सर्पदंशाच्या लशीच्या आठ कुप्या निघाल्या. ऐन सापाच्या दिवसांत ही लस बाहेर विकली जाते अशी चर्चा आहे. चर्चा कोण करतं हे बातमीत कधी लिहीत नाहीत. वर लिहिलं होतं, 'आमच्या प्रतिनिधीकडून'.

हे अठ्ठ्याऐंशी साल. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. दिल्लीनं बदनामीचं नवं विधेयक आणलं होतं. त्यात म्हणे छापलेलं खरं आहे हे छापणाऱ्यानंच सिद्ध करायचं, नाहीतर संपादकानं हर्सूलच्या तुरुंगात जायचं. देशभर वर्तमानपत्रवाले रस्त्यावर आले. आमचाही सोमवारी दुपारी मोर्चा निघाला आणि क्रांती चौकात मांडव उभा राहिला. 'लेखणीला बेड्या नकोत' हा माझ्या गळ्यातला फलक मीच रंगवला होता. 'बेड्या' जरा तिरक्या आल्या होत्या, पण भावना सरळ होती.

बुधवारी सकाळी त्या मांडवापुढं पांढऱ्या साडीतली पन्नाशीची बाई येऊन उभी राहिली. हातात मंगळवारचा अंक.

"आडवा शेरा लिहिणारे बापूसाहेब तुम्हीच ना?"

"हो."

"मी राहत. तुमच्या पहिल्या पानावरची." तिनं मांडवावरून नजर फिरवली. "तुम्ही समदे अन्याय झाला म्हणून बसलात. मी कुठं बसू? तुमच्यासंगं का तुमच्यासमोर?"

मांडवातल्या सगळ्यांना एकदम खोकला आला.

मी तिला बाजूला नेलं. तिनं रडून सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती तापाचा तक्ता वाचावा तशी सांगत होती. दवाखान्यात बावीस वर्षं नोकरी. शनिवारी दहा वाजता विश्वस्तांपुढं चौकशी. तिथं काढलं तर परिचारिका म्हणून नाव नोंदलंय तेही जाणार. मग सुई हातात धरायचीसुद्धा चोरी.

"काल सिल्लोडच्या बसमध्ये एका बाईनं लेकरू माझ्याजवळून ओढून घेतलं," ती म्हणाली. "त्या लेकराचं बाळंतपण मी केलंय, बापूसाहेब."

"अब्रुनुकसानीचा दावा लावा."

"वकिलाकडं जाऊन आले. म्हणाला, सात वर्षं तरी लागतील. तुमचा तो नवा कायदा आला तर लवकर होईल का?"

"तो मोठ्या माणसांच्या अब्रूसाठी आणतायत."

"आन् जुना?"

"तोही."

"मग मला दोन्ही नको. कुणाला जेलात बी घालायचं नाय. जिथं छापलं तिथंच, तेवढ्याच अक्षरात, आम्ही चुकलो म्हणून छापा. बास."

मी माझा सगळ्यात जबाबदार आवाज काढला. "सिस्टर, त्यासाठी बातमी खोटी आहे हे सिद्ध करावं लागेल."

"व्हय?" ती म्हणाली. "छापताना तुम्ही खरी आहे म्हणून सिद्ध केली होती?"

मी गळ्यातला फलक काढून ठेवला.

२

उस्मानपुऱ्यात तिच्या दोन खोल्या होत्या. तिथं बसून मी तिच्याकडून सोमवार घड्याळाप्रमाणे वदवून घेतला.

भांडणाचं मूळ ऑगस्टमधलं. चाळीस कुप्या मागवल्या म्हणून दवाखान्यात सांगितलं जाई आणि फडताळात वीसच येत. राहतनं विश्वस्तांना लेखी तक्रार केली. औषधं मागवायचं काम चिटणीस तात्यासाहेबांचं. तात्यासाहेब शहरातल्या प्रत्येक समितीवर होते. पाऊस पडावा म्हणून समिती निघाली तर तिच्यावरही गेले असते. त्यांच्या पुतण्याचं शहरात खाजगी रुग्णालय होतं आणि तिथं सर्पदंशाची लस कधी कमी पडत नसे. हे ती आरोप म्हणून बोलली नाही, माहिती म्हणून बोलली.

"तुमच्या कपाटाच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्या कमरेला. दुसरी हबीबचाचांच्या खोलीत, खुंटीला."

हबीबचाचा म्हणजे दवाखान्याचे म्हातारे कंपाउंडर. निवृत्तीचं वय उलटूनही तात्यासाहेबांच्या कृपेनं नोकरीवर.

"सोमवारी काही वेगळं घडलं?"

"साडेतीनला भागूबाईला आणलं. तलावाच्या अंगाला गवत कापताना नाग चावला होता. डोळे मिटायला लागली होती. फडताळात लस एक सुदिक नाय. डॉक्टर म्हणाले, घाटीच्या सरकारी दवाखान्यात हलवा. पण वाटेतच गेली असती बाई. हबीबचाचा सायकल काढून गुलमंडीवर गेले न् पंधरा मिनिटांत चार कुप्या घेऊन आले. देवमाणूस. बाई वाचली."

"आणि मग?"

"सहाला तात्यासाहेब दोन पंच घेऊन आले. म्हणाले, पाच वाजता निनावी चिठ्ठी आलीय, कपाट उघडा. मी हसत उघडलं." तिनं कमरेची किल्ली चाचपली. "हसत उघडलं हेच डोक्यातून जात नाय."

पंचनाम्याची नक्कल तिच्याजवळ होती. वेळ सहा वाजून दहा मिनिटं. कुप्या आठ.

निघताना मी सहज विचारलं, "हबीबचाचांचं वय काय?"

"पासष्ट. गुडघे धरलेत दोन्ही."

हर्सूल ते गुलमंडी आणि परत, आठ-दहा किलोमीटर, धरलेल्या गुडघ्यांनी, पंधरा मिनिटांत. जिना उतरताना मला माझेच गुडघे आठवले.

३

आमचे संपादक काकासाहेब हे विधेयकविरोधी समितीचे अध्यक्ष. टेबलावर भाषणाची टिपणं पसरलेली. मी विषय काढताच त्यांनी दार लावून घेतलं.

"बापू, आत्ता? आत्ता आपण चुकलो म्हणायचं? दिल्लीला तेच हवंय. म्हणतील, बघा, आम्ही काय सांगत होतो?"

"आणि चुकलो असलो तर?"

"तर विधेयक पडल्यावर चुकू."

वार्ताहर बद्रीनाथ बाहेर बसला होता. चांगला मुलगा, बातमीच्या मागं धावायचा, फक्त बातमी त्याच्या घरी येणार असेल तर धावत नसे.

"मी स्वतः गेलो होतो की दवाखान्यात," तो म्हणाला. "साडेसहाला. कुप्या डोळ्यांनी बघितल्या, परत आलो, लिहिलं, सांडूकडं दिलं."

"साडीचा रंग कोणता होता?"

"निळा. बातमीतच आहे की."

"बातमीत आहे ते मला माहीत आहे. तुला माहीत आहे का ते विचारतोय."

तो कान खाजवू लागला.

सांडू आमच्या छापखान्याचा फोरमन. बाकीची वर्तमानपत्रं नव्या यंत्रांकडं वळली होती. आम्ही अजून अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून छापत होतो. जुळवून झालेला प्रत्येक कागद सांडू तारेत ओवून ठेवायचा, पंधरा दिवस. पुढं कुणी भांडायला आलं तर कागद दाखवून हात झटकायला.

"सांडू, सोमवारची तार काढ."

त्यानं तार काढली. एक एक कागद पुढं सरकवला. बाजारभाव, पाणीपुरवठा, मोर्चा, शोकसभा. पुन्हा पहिल्यापासून. चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

"नाय," तो म्हणाला.

"हरवला असेल."

"माझ्याकडं कागद हरवत नसतो, बापू." सांडूनं तार माझ्या हातात दिली. दोन कागदांच्या मधे तारेला एक कागदाचा कपटा चिकटून राहिला होता. "हा कुणीतरी ओढून नेलाय."

४

तात्यासाहेबांनी मला चहा दिला, केळं दिलं आणि खंत व्यक्त केली.

"बावीस वर्षांची सेवा हो. मला तर रात्रभर डोळा लागला नाही. पण चिठ्ठी आल्यावर मी काय करणार? पाचच्या आधी मला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. कपाट उघडलं आणि अवाक झालो."

"चिठ्ठी बघू?"

"रागाच्या भरात फाडून टाकली."

"पेपरला कोणी कळवलं?"

"तुमच्या लोकांना कळवावं लागतं का? वासानंच येतात." ते हसले. "बापूसाहेब, तुम्ही विनोद लिहा. आम्ही आवडीनं वाचतो. हे प्रकरण विनोदी नाही."

हबीबचाचा दवाखान्याच्या मागच्या ओट्यावर बाटल्या धूत होते. मला बघताच त्यांनी तीच बाटली दुसऱ्यांदा धुवायला घेतली.

"चाचा, भागूबाईची लस कुठून आणली?"

"गुलमंडी से."

"दुकान कोणतं?"

"नाम याद नहीं, साहब. बुढ्ढा आदमी हूँ."

"सायकल कुठंय तुमची?"

त्यांनी भिंतीकडं बोट केलं. सायकल होती. पुढच्या चाकात हवा नव्हती आणि आऱ्यांत कोळ्यानं जाळं विणलं होतं. एवढं जाळं विणायला कोळ्यालाही तीन दिवस पुरत नाहीत.

"चाचा..."

"मेरे को कुछ मत पूछो," ते म्हणाले. डोळे बाटलीवर. "बाई बच गई ना? बस."

मी गुलमंडीवरची सगळी औषधाची दुकानं पालथी घातली. उत्तर एकच मिळालं. सर्पदंशाची लस महिनाभर कुणाकडंच नव्हती.

म्हणजे सोमवारी दुपारी चार कुप्या दवाखान्यातच कुठंतरी होत्या आणि कुठं ते हबीबचाचांना माहीत होतं. राहतच्या कपाटाची दुसरी किल्ली त्यांच्याच खुंटीला. चोर सापडला असं मला वाटलं. वाटून आनंद झाला नाही. राहत ज्याला देवमाणूस म्हणत होती त्याचं नाव तिला कसं सांगायचं, याची जुळवाजुळव करत मी रात्रभर जागा होतो.

आणि एक गोष्ट बसत नव्हती. चोरानं चोरीचा माल दुसऱ्याच्या कपाटात का ठेवावा, आणि ठेवला तर त्यातून चार परत का काढाव्यात?

५

शुक्रवारी सकाळी माझ्याविरुद्ध तक्रार आली.

तक्रारदार फकिरा, फुलंब्रीजवळच्या वाडीचा शेतकरी. दर मंगळवारचा 'आडवा शेरा' तो पारावर चार जणांना वाचून दाखवायचा. माझ्या लिखाणाचा जाहीर वाचक असा तो एवढाच, म्हणून मी त्याला जपून असे. तो पिशवी घेऊन दारात उभा.

"बापू, मंगळवारी लिहिलं का नाय? पारावर माझी लई फजिती झाली."

"लिहिलं होतं की. तिसऱ्या पानावर, नेहमीच्या जागी."

"नव्हतं."

"अरे होतं. मी स्वतः वाचलं आणि दोनदा हसलो."

फकिरानं पिशवीतून भुईमुगाच्या शेंगांखालचा पेपर काढून माझ्यापुढं पसरला. 'खामकाठ', मंगळवार. पान तिसरं. डावीकडची माझी चौकट. चौकटीत मी नव्हतो. तिथं सिस्टर राहत होत्या.

"ही बाईची बातमी होती बघ तुझ्या जागेवर," फकिरा म्हणाला. "तुझं सदर नाय म्हणून मग हीच वाचून दाखवली. लोक लई चिडले. गुरं घरी यायच्या टायमाला पेपर येतो आमच्याकडं. समदे पारावरच असतात."

मी बातमी वाचली. शब्द न् शब्द तोच. काल सायंकाळी. मुख्य परिचारिका. निळ्या साडीची घडी. सर्पदंशाच्या लशीच्या बारा कुप्या.

बारा.

मी पुन्हा वाचलं. मग फकिराला विचारलं, "हा पेपर तुझ्या हातात कधी पडला?"

"सांगितलं ना. गुरं घरी यायच्या टायमाला."

"वार कोणता?"

"सोमवार. कन्चा असणार?"

मी अनवाणीच छापखान्याकडं निघालो. फकिरा मागून ओरडत होता, "अरे, शेंगा तरी घे!"

६

वाचकाला इथं आमच्या धंद्यातलं एक गुपित सांगायला हवं. वर्तमानपत्र एक नसतं, दोन असतात. शहराचा अंक मध्यरात्रीनंतर छापतात. तालुक्यांना जाणारा डाक अंक दुपारी अडीचला छापून चारच्या सिल्लोड बसच्या टपावर टाकतात. त्यावर तारीख मात्र दुसऱ्या दिवसाची घालतात. गावातल्या माणसालाही ताजं वाचल्याचं समाधान मिळावं म्हणून. कचेरीत फाईलला लावतात तो फक्त शहर अंक. डाक अंकात काय गेलं हे संध्याकाळनंतर शहरात कुणाला ठाऊक नसतं, आणि कुणाला ठाऊक करून घ्यायचंही नसतं.

"सांडू, सोमवारी डाकेला माझ्या जागेवर काय लावलं?"

"तुम्ही मोर्चात. सदर आलं साडेचारला. डाक थांबती का तुमच्यासाठी? चौकट मोकळी. जुळवून तयार होतं ते लावलं."

"ही बातमी तयार कधीपासून होती?"

"एकला आली. बद्रीनाथ म्हणला, उद्यासाठी जुळवून ठेव, मी मोर्चाला चाललो."

"सांडू, त्यात लिहिलंय 'काल सायंकाळी'. तू ती सोमवारी दुपारी लावलीस. तुला काही वाटलं नाही?"

सांडूनं माझ्याकडं दयेनं पाहिलं. "बापू, आमच्यासाठी डाकेत रोजच उद्या असतो. मी खिळे लावतो, पंचांग बघत नाय."

"आणि बाराचे आठ कधी झाले?"

"साडेसहाला. बद्रीनाथला फोन आला. मला म्हणला, बारा काढ, आठ घाल. मीच खिळे बदलले."

बद्रीनाथ दारात उभा होता. सगळं ऐकलेलं. चेहरा डाक अंकाच्या कागदासारखा.

"तात्यासाहेबांचा कागद होता," तो म्हणाला. "त्यांच्याच अक्षरातला. म्हणाले, उद्याच्यासाठी तयार ठेव, संध्याकाळी नक्की होतंय. मोठा माणूस आहे म्हणून... डाकेला गेली हे मला आजवर माहीत नव्हतं, बापूसाहेब, आईशप्पथ."

"कागद?"

"तुम्ही विचारायला लागलात तसा तारेतून काढला. जाळला."

"'आमच्या प्रतिनिधीकडून' हे कुणी लिहिलं?"

"मी."

"प्रतिनिधी कोण?"

तो खाली पडलेला एक खिळा उचलून पेटीत टाकू लागला. शनिवारी मात्र माझ्याबरोबर आला. त्याच्या खात्यावर एवढं जमा धरायला हवं.

७

विश्वस्तांच्या अध्यक्ष मनकर्णाबाई. ऐंशी वर्षांच्या, दवाखाना त्यांच्या यजमानांनी काढलेला. चष्मा दोऱ्यानं गळ्यात. उजवीकडं तात्यासाहेब, समोर राहत, दाराशी हबीबचाचा.

मी दोन्ही अंक त्यांच्यापुढं ठेवले आणि एक शहराचा, एक डाकेचा, हे समजावून सांगितलं. म्हातारीला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"म्हणजे कपाट उघडलं सहाला," त्या म्हणाल्या, "आणि उघडल्याची बातमी चारच्या बसनं फुलंब्रीला गेली. तात्या, तुम्हाला तर पाच वाजता कळलं ना?"

"छापखान्याची काहीतरी गफलत..."

"कागद तुमच्या अक्षरात होता," बद्रीनाथ म्हणाला. आवाज फाटला, पण म्हणाला. "एक वाजता तुम्ही माझ्या हातात दिला."

"कुठाय कागद?" तात्यासाहेब शांतपणे म्हणाले. "दाखव. नाही ना? मनकर्णाबाई, हा पेपरवाल्यांचा पोरखेळ आहे. आपली चूक झाकायला आता दुसऱ्याची बदनामी. यांच्यासाठीच दिल्लीनं कायदा आणलाय."

यात तथ्य नव्हतं असं मला म्हणता येत नव्हतं.

"कागद राहू द्या," मी म्हणालो. "आकडा घेऊ. दुपारी एक वाजता लिहिणारा म्हणतो, बारा सापडल्या. सहा वाजता सापडतात आठ. अंदाजानं लिहिणाऱ्यानं 'काही कुप्या' लिहिलं असतं. यानं बारा लिहिलं, कारण त्याला मोजून बारा ठेवल्याचं माहीत होतं. पंचनामा झाल्यावर आठच निघाल्या म्हणून घाईनं फोन केला. मग चार गेल्या कुठं? एक ते सहाच्या मधे या दवाखान्यात चार कुप्या एकाच ठिकाणी दिसल्या. भागूबाईच्या दंडात."

राहतनं वळून दाराकडं पाहिलं.

"गुलमंडीवर महिनाभर लस नाही," मी म्हणालो. "चाचांच्या सायकलला चाकभर कोळिष्टकं आहेत."

हबीबचाचा पुढं आले. ते मनकर्णाबाईंकडं वळले नाहीत. राहतसमोर उभे राहिले.

"तात्यासाब ने सुबह बारा दी थी. बोले, सिस्टर के कपाट में रख दो, नहीं तो कल से घर बैठो. मैंने रख दी, बेटी. रख दी." त्यांनी हात पुसले, हात कोरडेच होते. "फिर वो औरत आई. तू रो रही थी कि दवा नहीं है. दवा तो दस कदम पे पडी थी. मैं कैसे देखता रहता?"

"चार का काढल्या, चाचा?" राहत हळूच म्हणाली. "बाराच्या बारा काढल्या असत्या तर?"

"डॉक्टर ने चार बोले थे," हबीबचाचा म्हणाले. "बाकी का डर था."

तात्यासाहेबांनी त्याच दिवशी प्रकृतीच्या कारणावरून सगळ्या समित्यांचे राजीनामे दिले. त्यांची प्रकृती पुढं अठरा वर्षं उत्तम राहिली. पोलिसांत कुणी गेलं नाही. मनकर्णाबाईंना यजमानांचं नाव जपायचं होतं. हबीबचाचांना घरी बसवलं. राहत कामावर परतली. ती चाचांशी पुन्हा बोलली का, हे मी विचारलं नाही.

८

उरला तो 'आम्ही चुकलो' एवढाच मजकूर.

मी तो लिहिला, काकासाहेबांनी वाचला, सांडूनं जुळवला. तेवढीच चौकट, तेवढंच अक्षर. 'सिस्टर राहत निर्दोष, खामकाठची चूक.' काकासाहेब म्हणाले, पहिल्या पानावर घेऊ, जागा झाली की. मग पहिल्या पानाला रोज जागा कमी पडू लागली. साखळी उपोषण, निषेध सभा, काकासाहेबांचं भाषण, त्याच भाषणाचा उरलेला भाग.

महिना संपायच्या आत दिल्लीनं विधेयक गुंडाळलं. कचेरीत पेढे आले. मी पेढा हातात घेऊनच त्यांच्या खोलीत गेलो.

"आता तरी?"

"विजयाच्या अंकात माफी? शोभतं का, बापू?" ते खरंच दुखावले होते. "आपण स्वातंत्र्य राखलंय."

"आणि तिचं?"

"बघू. घाई काय आहे? ती कामावर आहे ना?"

जुळवलेले खिळे ठेवायच्या तबकात, म्हणजे गॅलीत, ती चौकट तशीच पडून होती. खिळ्यांवर धूळ बसली होती. काकासाहेब वाईट नव्हते. दिल्लीच्या कायद्याशी ते दात-ओठ खाऊन भांडले, आणि तसला कायदा पुन्हा आला असता तर मीही पुन्हा भांडलो असतो. पण रोज रात्री दार लावून मी स्वतःला एकच प्रश्न विचारत होतो. सरकारनं आमचा कान धरायचा नाही, हे ठीक. मग धरायचा कुणी?

पुढच्या सोमवारी माझं सदर तयार होतं. बरं जमलं होतं. ते खिशात घातलं आणि छापखान्यासमोरच्या टपरीवर जाऊन बसलो. एक वाजला. दीड वाजला. खिडकीतून सांडू दोनदा डोकावला. मी त्याच्याकडं बघून चहाचा कप उंच केला. तो थोडा वेळ बघत राहिला, मग आत गेला.

अडीचला यंत्र सुरू झालं. चारला गठ्ठे बसच्या टपावर चढले.

सव्वाचारला काकासाहेबांच्या हातात डाक अंक पडला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तो मागवला असावा. छापखान्याच्या दारातून त्यांचा आवाज टपरीपर्यंत आला.

"सांडू! तिसऱ्या पानावर हे कुणी लावलं?"

"बापूंचं सदर आलं नाय, साहेब," सांडू म्हणाला. "जागा मोकळी होती. जुळवून तयार होतं ते लावलं."

तालुक्यांत गेलेलं शहरात लपवणं बरं दिसलं नसतं, म्हणून मंगळवारी पहिल्या पानावर तो मजकूर आला. तळाशी, पावसाच्या आकड्यांशेजारी. राहतनं अंक विकत घेतला, वाचला, घडी घालून पिशवीत टाकला. "अक्षर तेवढंच आहे," ती म्हणाली. आभार मानले नाहीत. मानायचं काही कारणही नव्हतं.

माझं सदर त्या आठवड्यापासून बंद झालं. त्या जागी राशिभविष्य येऊ लागलं. त्यातलं एक अक्षरही कधी खरं निघालं नाही, पण त्यावर कुणी दावा लावल्याचं ऐकिवात नाही.

दिवाळीच्या आधी फकिरा भुईमुगाच्या शेंगा घेऊन आला.

"तुझी ती दुसरी बातमी बी वाचली," तो म्हणाला. "बाई निर्दोष असल्याची."

"पारावर वाचून दाखवलीस?"

"दाखवली की. तीन आठवड्यांत तीनदा." तो शेंगा परातीत ओतत होता. "पयली वाचली तवा समदे उठून जवळ आले होते, बापू. आन् ही वाचायला लागलो, तर म्हणायला लागले, फकिरा, ते राहू दे, राशिभविष्य वाच."